अंताल्याच्या व्हिलात बसलेले बाबा

भूतबित मी मानत नाही. बिल्डिंगमधल्या मैत्रिणी असलं काही सांगायला लागल्या की मी चहा टाकायला उठते. त्यामुळे हे लिहिताना माझा मलाच राग येतोय... पण त्याहून मोठा राग वेगळ्याच गोष्टीचा आहे.

आम्ही शारजात, अल मजाजला राहतो. गेल्या वर्षी माझ्या नवऱ्याला, संदीपला, व्हिलाचं वेड लागलं. तेही कुठे, तर तुर्कस्तानात, अंताल्याला, समुद्रकाठी. पैसे कुठून आणायचे? म्हणे नाशिकचा फ्लॅट विकून. अहो, तो फ्लॅट माझ्या सासऱ्यांचा, आणि बाबा एकटे त्यातच राहतात! "त्यांना सीनियर होममध्ये ठेवू, तिथे कंपनी मिळेल," हे संदीपचं उत्तर. बाबांना अजून विचारलंही नव्हतं — आणि इकडे पडद्यांचे रंग ठरत होते. मी भांडले, पण ऐकतो कोण!

एका शुक्रवारी दुपारी एजंटने थेट व्हिलातून व्हिडिओ कॉल केला. संदीपने तो टीव्हीवर लावला. आम्ही दोघं आणि आमची दहा वर्षांची सई सोफ्यावर बसलो होतो. रिकामं घर, पांढऱ्या भिंती, खिडकीत निळं पाणी... मग एजंटने मागची छोटी खोली उघडली. हिरवी फरशी, गादी नसलेला पलंग — आणि पलंगाच्या कडेला बाबा! पायात बूट, मांडीवर त्यांची जुनी रेक्झिनची बॅग.

"व्हाय इज आजोबा देअर?" सई म्हणाली.

"भाईसाब, उधर कौन बैठा है?" मी ओरडलेच.

"कोई नहीं मॅडम, मैं अकेला हूँ. रिफ्लेक्शन होगा."

रिफ्लेक्शन! रेक्झिनच्या बॅगेसकट? वर संदीप मलाच म्हणतो, "सीन करू नकोस, मला काही दिसलं नाही."

मी तडक नाशिकला फोन लावला, स्पीकरवर. बाबांनी बऱ्याच वेळाने उचलला.

"अगं, जरा डोळा लागला होता," ते म्हणाले. "कुठल्यातरी परक्या घरात नेऊन बसवलं होतं मला. हिरवी फरशी, खिडकीतून समुद्र. खोली चांगली होती गं... पण किती हाका मारल्या, कुणी ओ देईना."

संदीपने टीव्ही बंद केला. संध्याकाळी एजंटचा फोन आला तेव्हा तो गॅलरीत जाऊन एवढंच बोलला, "नहीं चाहिए, हबीबी. खलास."

आता तुम्ही ऊन, थकवा, योगायोग असं काय वाटेल ते म्हणा. माझ्याकडे स्पष्टीकरण नाही. संदीपकडे आहे — तो अजून रिफ्लेक्शनच म्हणतो. मग हल्ली बाबांचा फोन आला की मीटिंग अर्धवट सोडून, पहिल्याच रिंगला तो "ओ, बाबा" का म्हणतो, ते त्याने सांगावं.