वाढवलेली संध्याकाळ

यांचं तेरावं झालं त्याच रविवारी मुलानं यांच्या फोटोशेजारचं घड्याळ उतरवून एक तास पुढे केलं. "आई, आजपासून संध्याकाळ मोठी," तो म्हणाला. इंग्लंडात थंडी सरली की असं करतात.

हे थंडीभर म्हणत होते, "बाळ्या, मला गावी सोड. इथे चारलाच अंधार पडतो, माणूस दिसत नाही." मुलगा म्हणायचा, "अण्णा, घड्याळं पुढे जाऊ देत. मग मागच्या अंगणात बसा, गाव आठवणारसुद्धा नाही." दोन खुर्च्याही त्यानं आणून ठेवल्या.

आता सात वाजून गेले तरी ऊन आहे. शेजारची माणसं गवतात बसून हसताहेत. सून चहा देते आणि म्हणते, "बघा आई, किती छान वाटतंय!" छान आहे, खोटं कशाला बोलू? पण सकाळच्या डब्यातलं पीठ संध्याकाळच्या डब्यात ओतायचं आणि पीठ वाढलं म्हणायचं, हे माझ्यासारख्या चौथी शिकलेल्या बाईलाही पटत नाही. अख्ख्या देशाचं घड्याळ हलवता येतं, मग एका म्हाताऱ्याला विमानात बसवता येत नव्हतं?

मुलाला हे विचारलं, तर तो उठून आत गेला.

यांच्या खुर्चीवरचं ऊन अजून हललेलं नाही. या संध्याकाळचं आमिष दाखवून ज्यांना थांबवलं, ते गेले. ती बघायला मी राहिले.