लूमिर वाव्रिनाचा चालींचा कागद

२ ऑक्टोबर २००८ रोजी मी तालुक्याच्या गावातल्या छापखान्यात तीन डॉलर अठरा सेंट रोख दिले आणि एक कागद लॅमिनेट करून घेतला. यंत्रातून निघालेला गरम कागद छापखान्यातल्या बाईने उलटसुलट करून पाहिला.

"हॉटेलचं मेन्यूकार्ड आहे का?"

"नाही. आमच्या कोचचा चालींचा कागद आहे."

"तुमच्या वेसेली गावाचा कोच म्हणजे लूमिर वाव्रिनाच ना? तो कुठे कागद वापरतो?"

दुसऱ्या गावात राहूनही तिला हे माहीत होतं. नेब्रास्काच्या आमच्या भागात लूमिरबद्दल दोन गोष्टी सगळ्यांना माहीत होत्या. एक, तो सामना चालू असताना कोटाच्या खिशात हात घालून, डोळे अर्धे मिटून उभा राहतो. दुसरी, त्याच्या हातात कधीच कागद नसतो.

लूमिर आणि मी एकाच वर्गात शिकलो. पुढे तो शाळेत सुतारकाम शिकवायला लागला आणि मी धान्य सोसायटीत हिशेब लिहायला लागलो. त्याच्याकडे शाळेची अमेरिकन फुटबॉलची टीम आली तेव्हा त्याचे केस काळे होते. मोठ्या शाळांत एका बाजूला अकरा पोरं खेळतात, आमच्याकडे आठ, कारण तेवढीच जमतात. लांबट चेंडू काखेत दाबून किंवा पुढे फेकून, चार प्रयत्नांत दहा यार्ड सरकायचं. सरकला तर आणखी चार प्रयत्न, नाही तर चेंडू समोरच्यांना. दहा यार्ड झाले की नाही हे दोन काठ्यांमध्ये ताणलेली साखळी ठरवते. त्यातली एक काठी कित्येक वर्षं माझ्या हातात आहे. मी आमच्याच खेळाडूंच्या बाजूला उभा असतो, त्यामुळे कोच काय बोलतो ते मला ऐकू येतं.

प्रत्येक प्रयत्नाआधी कोच पोरांना एक चाल सांगतो. टीव्हीवरच्या मोठ्या संघांचे कोच हातभर कागद तोंडासमोर धरून चाल सांगतात. मॅक्सच्या हॉटेलात सकाळच्या कॉफीवर यावरून वाद होत. कोणी म्हणे कागदाशिवाय कोच म्हणजे नकाशाशिवाय ड्रायव्हर. दुसरा म्हणे, आपल्या गावात फिरायला नकाशा कशाला लागतो? लूमिर कोपऱ्यात बसून खसखस भरलेला गोड पाव, कोलाची, खात असे आणि हसत असे.

एकदा त्याचा मदतनीस ट्रॉय शेफरने त्याला तोंडावरच विचारलं. ट्रॉय शाळेत विज्ञान शिकवतो, तेव्हा नवीनच आला होता.

"कोच, एक साधा कागद करू या ना. तुमचंच काम सोपं होईल."

"तुझी आई कोलाची करताना कागद बघते का रे?"

"नाही बघत. म्हणून तर आमच्याकडे मीठ कधीकधी दोनदा पडतं."

सगळं हॉटेल हसलं, लूमिर सगळ्यात जास्त. पण कागद झाला नाही.

आमच्या मैदानाला दिवे नाहीत. सामने शुक्रवारी दुपारी होतात. पश्चिमेला सोसायटीची धान्याची कोठी आहे, चर्चच्या मनोऱ्याहून उंच. सामन्याच्या शेवटच्या पाव भागात तिची सावली मैदानात उतरते आणि गवतावरून हळूहळू सरकत पूर्वेच्या कुंपणापर्यंत जाते. ऑक्टोबरात मक्याची कापणी चालू असते. हवेत पिवळी धूळ तरंगत असते, वरून बदकांचे थवे दक्षिणेला जात असतात. त्या वेळी मैदानावरची पोरं पाण्याखाली पळत असल्यासारखी दिसतात. चेहरे दिसत नाहीत. दिसतात ते फक्त पाठीवरचे आकडे.

आणि आकडे तर आमच्याकडे बदलतच नाहीत. बापाचा नंबर मुलाला मिळतो. ऑगस्टमध्ये सरावाच्या पहिल्या दिवशी बाप शाळेच्या जिममध्ये येतो आणि स्वतःच्या हाताने मुलाच्या अंगात तो शर्ट घालतो. बायका रडतात, बाप खोकतात. चोवीस नंबर रेझेक घराण्याचा. लूमिरच्या काळात तो आधी डॅरेल रेझेकने घातला आणि मग त्याच्या मुलाने, कोल्बीने.

२००८ च्या सप्टेंबरातल्या शेवटच्या शुक्रवारी आम्ही थोडक्याने मागे होतो. सावली मैदानाच्या मध्यावर आली होती. शेवटचा प्रयत्न होता. लूमिरने कोल्बीला जवळ बोलावलं, त्याच्या हेल्मेटची जाळी धरली आणि शांतपणे म्हणाला, "डॅरेल, डावीकडे पळ. कोठीच्या बाजूने. आणि पळतापळताच फेक."

कोल्बी जरा थबकला. पण आमची पोरं कोचला उलट विचारत नाहीत. तो डावीकडे पळाला. ही चाल त्याच्या बापासाठी केलेली होती, आणि बाप होता डावखुरा. कोल्बी उजव्या हाताचा. पळतापळता त्याला अंग उलटं वळवावं लागलं, चेंडू हातातून वेडावाकडा सुटला आणि थेट समोरच्या पोराच्या छातीवर जाऊन बसला. आम्ही हरलो.

डॅरेल कुंपणाजवळ पिकअपच्या टपावर बसून सामना बघत होता. तो ओरडला, "कोच, माझ्या पोराला डावखुरा करायला किती आठवडे लागतील?"

लोक हसले. लूमिरही हसला, पण उशिरा. मग तो बराच वेळ डॅरेलकडे बघत राहिला. एवढा टक्कल पडलेला माणूस तिथे कुठून आला, असा प्रश्न पडल्यासारखा.

सोमवारी शाळेच्या समितीची बैठक झाली. मार्लीस होलेचेक अध्यक्ष होती. तीही आमच्याच वर्गातली. लहानपणी तिने लूमिरला नाच शिकवायचा प्रयत्न केला होता आणि सोडून दिला होता.

"लूमिर, तू डॉक्टरकडे जाऊन आलास?"

"आलो. तो म्हणतो, वय झालं. त्याचे पैसे घेतो आणि मला माहीत असलेलंच सांगतो."

"मग ऐक. शुक्रवारी कागद हातात धरून उभा राहा. तो धरून बरोबर चाललं तर टीम तुझीच. पुन्हा असं झालं तर चाली ट्रॉय सांगेल."

"आणि मी काय करू? पाण्याच्या बाटल्या भरू?"

"नाचायला शीक," मार्लीस म्हणाली. पण ती त्याच्याकडे बघत नव्हती.

बाहेर आल्यावर लूमिर माझ्या गाडीत बसला. "गॉर्ड, तू हिशेबाचा माणूस. तू लिही कागद. ट्रॉयला सांगितलं तर तो रंगीत करेल."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही त्याच्या स्वयंपाकघरात बसलो. तो सांगत गेला, मी लिहीत गेलो. प्रत्येक चालीला ती पहिल्यांदा उत्तम खेळलेल्या पोराचं नाव होतं. त्या पोराचा पाय कसा पडायचा, त्या दिवशी वारा कुठून होता, त्याच्या आईने नंतर काय खायला घातलं, सगळं तो सांगे. खिडकीबाहेर कापणी यंत्राचे दिवे मक्यातून सरकत होते आणि त्याच्या बोलण्यातून पोरांमागून पोरं त्या स्वयंपाकघरात येऊन उभी राहत होती. व्हिएतनामहून परत न आलेला एडी होता. आता शिकागोत दातांचा डॉक्टर असलेला मिलो होता. मी लिहिलेले कागद टेबलभर पसरले, मग खुर्च्यांवर, मग फ्रीजवर.

शेवटी मी पेन खाली ठेवलं. "लूमिर, हे सगळं एका कागदावर मावणार नाही."

"बारीक अक्षरात लिही."

"यातली किती पोरं यंदा मैदानावर आहेत?"

त्याने फ्रीजवरचा एक कागद उचलून पाहिला. मग म्हणाला, "मी विसरत नाही, गॉर्ड. सगळ्यांना वाटतं मी विसरतोय. मी काहीच विसरत नाही, तीच अडचण आहे. चोवीस नंबर समोर आला की मला सगळे चोवीस नंबर एकदम दिसतात."

"मग ही बाकीची नावं काढू?"

तो उठून खिडकीशी गेला. पाठ माझ्याकडे करून म्हणाला, "काढ."

मी पट्टी लावून एकेक ओळ खोडत गेलो. त्याने मागे वळून पाहिलं नाही. एडीच्या ओळीशी माझा हात थांबला, तेव्हा न बघताच तो म्हणाला, "तीही काढ." यंदाच्या आठ पोरांना जमतील अशाच चाली उरल्या. प्रत्येक पोराचं नाव, नंबर, आणि कोणत्या हाताचा ते मी स्वच्छ अक्षरात लिहून काढलं.

"वर साल घाल," लूमिर म्हणाला.

"साल कशाला? यंदाचाच तर कागद आहे."

"घाल रे बाबा."

मी वर मोठ्या आकड्यांत २००८ लिहिलं.

शुक्रवारी तो कागद बुटाच्या नाडीने गळ्यात अडकवून मैदानावर आला. त्याने तो प्रार्थनेच्या पुस्तकासारखा दोन्ही हातांत धरला होता. पहिल्यांदाच त्याचे हात खिशाबाहेर होते आणि डोळे पूर्ण उघडे. कुंपणावरून कोणीतरी ओरडलं, "कोच, आजची स्पेशल भाजी कोणती?" पोरंही हसली. लूमिर ओळीवर बोट ठेवून चाल सांगे, पोरं खेळत, तो पुढच्या ओळीवर जाई. काम व्यवस्थित चाललं होतं. ट्रॉय बाजूला ओठ मिटून उभा होता. मार्लीस पहिल्या बाकावर पर्स मांडीवर घेऊन बसली होती.

मग सावली आली.

आम्ही दोन गुणांनी मागे होतो. चौथा प्रयत्न होता आणि तीन यार्ड हवे होते. चेंडू गेला की सामना गेला, आणि बहुतेक लूमिरची टीमही. हवेत धूळ होती, बदकं ओरडत चालली होती. कोल्बी धावत कडेला आला. त्याचा चेहरा जाळीमागे अंधारात होता आणि छातीवर तो चोवीस. लूमिरने जाळी धरली. त्याचे डोळे अर्धे मिटले. मी काठी धरून जवळच होतो. त्याच्या ओठांवर डॅरेलचं पहिलं अक्षर आलेलं मी पाहिलं.

ट्रॉयने एक पाऊल पुढे टाकलं आणि मागे घेतलं.

लूमिरने कागद वर उचलला. अंगठा वरच्या सालावर ठेवला. तिथून तो अंगठा सावकाश खाली आला आणि एका ओळीवर थांबला. त्याने कागदावरून समोरच्या पोराकडे पाहिलं, पुन्हा कागदाकडे, पुन्हा पोराकडे. पंच घड्याळाकडे बघायला लागला होता.

"कोल्बी," लूमिर म्हणाला. एखादी ओळख करून दिल्यासारखं. "उजवीकडे पळ, बेटा. फेकू नकोस. नुसता पळ."

कोल्बी उजवीकडे पळाला. तिघांनी त्याला घेरलं आणि सगळे एकावर एक पडले. धुळीतून चेंडू दिसेना. पंचाने हात केला आणि आम्हाला साखळी आणायला सांगितली. मी काठी घेऊन आत गेलो, साखळी ताणली. सगळं गाव कुंपणावरून वाकून बघत होतं. चेंडूचं टोक काठीच्या पुढे होतं, तळहाताच्या रुंदीइतकं.

पुढच्या प्रयत्नांत पोरांनी चेंडू समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपार नेला आणि गुण मिळवले. आम्ही जिंकलो.

डॅरेल पिकअपचा हॉर्न वाजवत राहिला. नंतर तो कुंपणावरून उडी मारून आला. "कोच, आज माझं नाव नाही घेतलंस!"

"तू आज होतास कुठे?" लूमिर म्हणाला. डॅरेलला तो विनोद वाटला. त्याने लूमिरच्या पाठीवर थाप मारली.

सगळे पांगल्यावर मी साखळी गुंडाळत होतो. लूमिर माझ्याजवळ येऊन उभा राहिला. सावली आता पूर्वेच्या कुंपणापलीकडे गेली होती आणि मैदान निळसर झालं होतं.

"कागद चांगला आहे, गॉर्ड. ट्रॉयचं बरोबर होतं. कोचला कागद लागतो."

"मग तोंड असं का केलंस?"

"आज मैदानावर आठच पोरं होती," तो म्हणाला.

त्याने तो हंगाम कागद धरूनच पुरा केला. एकही चूक झाली नाही. नोव्हेंबरात त्याने गळ्यातली नाडी काढली आणि समितीच्या बैठकीत कागद ट्रॉयच्या हातात दिला.

मार्लीस म्हणाली, "अरे, तुझी टीम कोणी काढून घेतली नाहीये."

"माहीत आहे. पण ज्याला कागद पुरतो, त्यानेच तो धरावा. पोरांचा सामना माझ्या आठवणींवर का हरायचा?"

"आणि तू?"

"गॉर्डला साखळीच्या दुसऱ्या टोकाला माणूस हवाय. तिथे नुसतं उभं राहायचं असतं."

तेव्हापासून साखळीचं दुसरं टोक त्याच्याकडे आहे. साखळी ताणायची वेळ आली की मी हाक मारतो आणि तो येतो. एरवी एक हात काठीवर, एक हात कोटाच्या खिशात, डोळे अर्धे मिटलेले. ट्रॉय दर वर्षी नवा कागद करतो, रंगीत. त्यावर साल मात्र वरच, मोठ्या आकड्यांत असतं.

मी पुढच्या जूनमध्ये सोसायटीतून निवृत्त होतोय. साखळी सोडणार नाही. मागच्या शुक्रवारी सावली मैदानात उतरली तेव्हा लूमिर स्वतःशीच हसला. मी विचारलं, "कोण आहे आज?"

"सगळे," तो म्हणाला. "एडी छान पळतोय."

मी मैदानाकडे पाहिलं. धुळीत आकडे हलत होते.

लॅमिनेशनचे तीन डॉलर अठरा सेंट लूमिरकडून अजून येणे आहेत.