कम्प्युटरच्या पेटीचे झरोके

माझा मोठा भाऊ कुलर बनवायचा. नागपुरात एवढं सांगितलं की पुढचं फारसं सांगावं लागत नाही. घरामागच्या शेडमध्ये होळीपासून मृगापर्यंत पत्र्यावर हातोडा चालायचा आणि आमच्या गल्लीतली निम्मी माणसं उन्हाळ्यात दादाच्या वाऱ्यात झोपायची. वडील लवकर गेले, म्हणून त्याने शाळा सोडली आणि मला पॉलिटेक्निकपर्यंत शिकवलं. एवढं शिकून मी त्याचं काय केलं, ते आज लिहायला बसलोय. लिहून मन हलकं होतं म्हणतात. माझं होणार नाही.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. रामदासपेठेतल्या एका ऑफिसने काढून टाकलेला कम्प्युटर मी घरी आणला आणि पुढच्या टिनाच्या खोलीत कम्प्युटर क्लास सुरू केला. सकाळी एका कारखान्यात नोकरी, दुपारी दोनला क्लास. विद्यार्थी सहा, कम्प्युटर एक. गल्लीतले लोक मला 'सर' म्हणू लागले आणि मलाही ते लवकरच खरं वाटू लागलं.

एप्रिल लागला तसा कम्प्युटर रुसू लागला. टिन तापलं की पडद्यावरची हिरवी अक्षरं जागच्या जागी थिजायची. मी बंद करून चालू करायचो, पुन्हा तेच. विद्यार्थी एकमेकांकडे बघायचे आणि मला घाम फुटायचा.

दादा दारात उभा राहून हे बघायचा. त्या वर्षी त्याच्याकडे काम नव्हतं. बाजारात तयार कुलर आले होते, रंगीत आणि चाकं लावलेले. "सकाळपासून एकच पत्रा सरळ करून राहिले," वहिनी मला हळूच म्हणाली होती. "कोनी काम सांगितलं तर बरं होईन, भाऊजी. मानूस रिकामं बसलं की वाळून जाते." मी हो म्हणालो आणि विसरलो.

एके दिवशी दादाने पेटीवर हात ठेवला आणि लगेच काढला. "हे तर भट्टी आहे गा," तो म्हणाला. "हवा जायले रस्ताच नाही. काहून नाही तापन? मले दे दोन दिवस."

मी आतलं सगळं सोडवून पुठ्ठ्यावर मांडलं आणि रिकामी लोखंडी पेटी त्याच्या हवाली केली. तो इतवारीच्या बाजारात जाऊन पॉलिश पेपर, खड्डे बुजवायची लांबी आणि हस्तिदंती रंगाचा डबा घेऊन आला. खालच्या कोपऱ्याला गंज होता, तो त्याने खरवडून काढला. पिवळा पडलेला जुना रंग घासून पत्रा चकचकीत केला. मग दोन्ही बाजूंना छिन्नीने झरोके कापले, कुलरला असतात तसे, पण बोटभर लांबीचे. पट्टी न लावता कापले, तरी एकही रेघ वाकडी गेली नाही. कडा कानशीने इतक्या मऊ केल्या की वहिनीने त्यांवरून साडीचा पदर ओढून बघितला. मागे एक छोटा पंखा बसवला. गंज धरू नये म्हणून रेड ऑक्साइडचा हात दिला, तो वाळल्यावर रंगाचे दोन हात. आणि झरोक्यांच्या आतून, दोन जाळ्यांच्या मधे, कुलरमध्ये भरतात त्या खसचा, म्हणजे वाळ्याचा, पातळ थर.

"खस कशाला?" मी विचारलं. "यात पाणी चालत नाही, दादा."

"पानी कोन टाकून राहिलं? कोरडीच राहीन. धूळ अडवते ते." तो हसला. "करंट अन् पानी एका घरात कसे ठेवाचे, हे मले नको शिकवू."

खरं होतं ते. दरवर्षी गावात कुठल्या ना कुठल्या कुलरचा शॉक लागून कोणीतरी दगावायचं. दादाच्या कुलरला हात लावून कधी कोणाला झिणझिणीसुद्धा आली नव्हती. त्याला त्याचा अभिमान होता. दुसरा कसला अभिमान बाळगायला आम्ही त्याला वेळच दिला नव्हता.

कम्प्युटर भर दुपारी चालला. दोन ते पाच, एकदाही न अडता. दादा शेडमध्ये बसून काही न करता आमचा क्लास ऐकायचा. गल्लीत कोणी भेटलं की त्याला आत आणून पेटी दाखवायचा. त्या दोन आठवड्यांत तो चार घास जास्त जेवला, असं वहिनी सांगायची.

मग तो दिवस आला. सकाळी ड्यूटीवर निघण्याआधी मी पेटी उघडून आतलं एक कार्ड घट्ट केलं आणि झाकण लावलं. मी गेल्यावर दादाने धुळीने भरलेल्या जाळ्या बाहेर काढल्या, खस धुतली, उन्हात वाळवली आणि परत बसवली. दोन वाजता मी आलो आणि विद्यार्थ्यांसमोर बटन दाबलं. आत चट् असा आवाज झाला, जळका वास आला, आणि पडदा काळाच राहिला.

जळक्या वासात खसचा वासही होता. खस पाण्यात भिजली की असा वास सुटतो.

"पाणी मारलं तू यात?"

"धुतली होती गा. पन वाळवून लावली. तासभर उन्हात होती."

एप्रिलच्या उन्हात खस वाळायला तास लागत नाही, हे नागपुरात शेंबड्या पोराला कळतं. मला कळत नव्हतं असं नाही. पण समोर सहा विद्यार्थी उभे होते आणि मी सर होतो. "कुलरवाल्याच्या हातात कम्प्युटर दिला," मी म्हणालो, "चूक माझीच आहे."

 दादाने आपले दोन्ही तळवे शर्टाला पुसले आणि तो शेडमध्ये गेला.

तिसऱ्या दिवशी मी पेटी रामदासपेठेतल्या मेकॅनिककडे नेली. त्याने बोर्ड उचलला आणि खालून चिमट्याने एक स्क्रू काढून माझ्यासमोर धरला. टोकाला काळा पडलेला. "पाण्याचा डागही नाही आत," तो म्हणाला. "हा खाली पडला होता, त्याने शॉर्ट झालं. कोणी उघडलं होतं?"

मीच उघडलं होतं. कार्ड घट्ट करताना एक स्क्रू हातातून निसटला होता. फरशीवर शोधला, सापडला नाही, ड्यूटीला उशीर होत होता, म्हणून तसंच झाकण लावलं होतं.

परतताना मी दादाला काय सांगायचं ते मनात जुळवत होतो. वाटेत नाली लागली तिथे तो स्क्रू टाकून दिला. तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं की मी सांगणार नाही.

दादा दारातच होता. "काय म्हने तो?"

"बोर्ड गेला."

"पान्यानं?"

"तसंच काहीतरी," मी म्हणालो.

चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि फाशी देणाराही चोरच. लोकांना कळलं तर क्लास बुडेल, अशी भीती होती, हे खरं. पण त्याहून खरं हे की दोष त्याच्या अंगावर आधीच बसला होता आणि तो उतरवायचा मला कंटाळा आला. स्वतःच्या भावाबाबत माणूस इतका आळशी होऊ शकतो.

नवा बोर्ड आला त्या दिवशी दादाने न विचारता पेटी शेडमध्ये नेली. संध्याकाळी आणून दिली तेव्हा झरोके नव्हते. प्रत्येकामागे पत्र्याची पट्टी लावून, लांबी भरून, घासून, वरून रंग दिला होता. काम इतकं साफ होतं की तिथे कधी काही कापलं होतं हे कोणाला सांगून पटलं नसतं. मे महिन्यात कम्प्युटर पुन्हा थिजू लागला आणि मी क्लास पहाटे घेऊ लागलो. सगळं नीट चाललं.

पुढच्या उन्हाळ्यात त्याला दोन कुलरचं काम मिळालं. पत्र्याचं सगळं त्याने केलं. पण पंप आणि वायर जोडायला शेजारच्या गल्लीतून माणूस बोलावला. मी काहून म्हणून विचारलं नाही. त्यानंतर त्याने करंटचं काम कधीच केलं नाही, आणि नुसत्या पत्र्याचे डबे बनवणाऱ्याकडे कोण येतं? शेड बंद झाली.

बऱ्याच वर्षांनी, मी वेगळं बिऱ्हाड केल्यावर, एकदा त्याला भेटायला गेलो. तो खाटेवर बसला होता. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि तो थोडा वेळ आपल्या हाताकडे बघत राहिला.

"तुह्या कम्प्युटरचं," तो म्हणाला. "मी लय विचार केला गा. खस तर वाळली होती. माहा हातच ओला असन. मले ध्यानात नाही, पन असन."

घरात तिसरं कोणी नव्हतं. वहिनी मागे अंगणात होती. इतकी सोपी वेळ मला आयुष्यात पुन्हा मिळाली नाही.

"जाऊ दे दादा," मी म्हणालो. "जुनी गोष्ट झाली."

त्याचा चेहरा सैल झाला. मी त्याला माफ केलं असं त्याला वाटलं, आणि त्याने वहिनीला हाक मारून माझ्यासाठी चहा ठेवायला सांगितला.