लोखंडी दात

रामघाटाच्या गल्लीत शरदिनीकाकूंचा आवाज आधी येतो, काकू मागून. नळाला गढूळ पाणी आलं की जलकलच्या, म्हणजे पाणीखात्याच्या, साहेबासमोर बाटली आपटायला त्याच, विजेची तार लोंबली की खांबाखाली रस्ता अडवून बसायलाही त्याच. शाळा आठवीत सुटली, पण कुठल्या साहेबाला कुठल्या शब्दाने खुर्चीतून उठवायचं हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. गल्लीतले मराठी लोक त्यांना काकू म्हणतात, बाकीचं बनारस चाची.

त्यांचे यजमान श्रीनिवासशास्त्री याच्या अगदी उलट. पाठशाळेत वेद शिकवतात, आणि पहाटेच्या गंगास्नानापासून दुपारची संध्या होईपर्यंत मौन पाळतात. त्यांच्या वडिलांनी पाळलं, म्हणून तेही पाळतात. तेवढ्या वेळात दारात दूधवाला येवो की जावई, बोलायचं ते काकूंनी.

शास्त्रीबुवांचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा इस्पितळातही हेच चाललं. ऑपरेशनच्या सकाळी भूल देणारी डॉक्टर खाटेशी आली. रुची तिचं नाव, वयाने काकूंच्या मुलीएवढी. दमा आहे का, गोळ्या कोणत्या चालू आहेत, सगळ्याची उत्तरं काकूच देत होत्या. मग तिने विचारलं, "कोई दाँत हिलता है? या नकली है?"

शास्त्रीबुवांचा वरचा पुढचा दात दिवाळीपासून हलत होता. पोळी ते वरणात भिजवून खात, आणि ती कुस्करून द्यायच्या काकूच. म्हणजे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. पण खाटेच्या पायथ्याशी त्या वेळी नरहरभट उभे होते. गल्लीतल्या सगळ्या पारायणांना कुणाला बोलवायचं ते हेच ठरवतात. वैदिकाचा पुढचा दात गेला की त, द, स सगळे वाऱ्यावर जातात, आणि मग बोलावणं दुसऱ्याच्या दारी जातं. शास्त्रीबुवांनी बोट ओठाकडे नेलं. काकूंनी ते हातात धरलं, चादरीवर दाबून ठेवलं आणि म्हणाल्या, "वेदपाठी हैं, डॉक्टरनी. लोहे के दाँत हैं."

नरहरभट खुशीत हसले. रुचीही हसली. पुढच्या पेशंटसाठी तिला हाका येत होत्या. ती गेली.

ऑपरेशन छान झालं. संध्याकाळी रुची स्वतःहून आली, हातात औषधाची रिकामी डबी घेऊन. श्वासाची नळी घशात घालताना पुढचा दात निसटला, म्हणाली. लगेच शोधून काढला, कारण तो खाली फुफ्फुसात उतरला असता तर जिवावर बेतलं असतं. तिने डबी पुढे केली. आत दात होता.

काकूंनी डबीत पाहिलं, मग शास्त्रीबुवांच्या ओठाखालच्या भोकाकडे. राग काकूंच्या नेहमी हाताशी असतो. लाज वाटायला लागली की त्या आधी तोच उचलतात.

दुसऱ्या दिवशी ओपीडीच्या भरल्या रांगेत त्यांनी रुचीला गाठलं. "ऑपरेशन पेट का था, दाँत किस खुशी में उखाड़ा? बेहोश आदमी बोल नहीं सकता, इसलिए?" लोकांनी मोबाइल वर केले. मोबाइल दिसल्यावर काकू आणखी चढल्या. "आज दाँत गया, कल किसी की आँख जाएगी. हटाओ इसको."

दुपारी इस्पितळाचे अधीक्षक शास्त्रीबुवांच्या खाटेशी आले. मागे रुची, डोळे सुजलेले. चौकशी होईपर्यंत तिला ऑपरेशन थिएटरमधून बाजूला केलंय, ते म्हणाले. बाहेर व्हिडिओ फिरतोय, इलाज नाही. मग त्यांनी शास्त्रीबुवांना विचारलं, "पंडितजी, दाँत पहले से हिलता था क्या?"

शास्त्रीबुवा गप्प.

"अहो, बोला की," काकू म्हणाल्या. "दुपार टळली. मौन सुटलंय तुमचं."

शास्त्रीबुवांनी फक्त त्यांच्याकडे पाहिलं. रागाने नाही. बायको खोटी पडू नये म्हणून हा माणूस आपलं वेळेचं मौन अवेळी ओढत होता, आणि ते काकूंना तिथल्या तिथे कळलं.

बोलली ती रुची. "सर, सिर्फ़ पूछना मेरा काम नहीं था. मुँह खोलकर देखना भी था. मैंने नहीं देखा."

तिचंही चुकलंच होतं, त्यात शंका नाही. घरच्यांनी सांगितलं म्हणून डॉक्टरने डोळे मिटायचे नसतात. पेशंट घाबरतो, लाजतो, त्याची बायको मिरवते, हे धरूनच बघायचं असतं. पण तिने आपल्या वाटणीचं उचललं होतं. काकूंच्या वाटणीचं तसंच पडून होतं.

"हिलता था," काकू म्हणाल्या. "हमको मालूम था."

"तो बताया क्यों नहीं?"

काकूंनी चादर नीट केली. नीटच होती ती. "शरम के मारे," त्या म्हणाल्या.

अधीक्षकांनी रुचीला दुसऱ्या दिवसापासून कामावर यायला सांगितलं, आणि यापुढे प्रत्येकाचं तोंड उघडून बघायला. जाता जाता ती काकूंपाशी थांबली. आता ही दोन शब्द सुनावणार, काकूंनी मान खाली घातली. "चाची, इनको दो-चार दिन नरम खाना दीजिए," एवढंच ती म्हणाली. त्यापेक्षा सुनावलं असतं तर बरं झालं असतं.

घरी सोडलं त्या दिवशी मंगला गौरीच्या देवळाच्या पायऱ्यांवर बकुळ भेटली, शेजारच्या घरातली सून. "काकू, काय सोललंत तिला. व्हिडिओ माझ्या माहेरी पुण्यालासुद्धा पोचला. बाबा म्हणाले, अशी माणसं पाहिजेत."

शास्त्रीबुवांनी काकूंची बाही हळूच ओढली. "जाऊ दे. घरी चल." 'दे' पुढच्या फटीतून निसटून गेला. बकुळची नजर त्यांच्या तोंडावर गेली आणि पटकन दुसरीकडे वळली.

काकूंनी पिशवी पायरीवर ठेवली. "थांब, बकुळ. व्हिडिओत जे नाही ते ऐकून जा." मग वर नरहरभटांच्या खिडकीकडे बघून त्यांनी हाक मारली. खिडकी उघडली. गल्लीतल्या आणखीही दोन उघडल्या. चाचींची हाक म्हणजे काहीतरी ऐकण्यासारखं असणारच.

काकूंनी सांगितलं. दात हलत होता, यांनी बोट नेलं होतं, ते मी दाबलं, पोरीला फुकट झोडलं.

"काय म्हणालात?" नरहरभट वरून वाकले. "ऐकू नाही आलं, काकू."

काकूंना ते पुन्हा सांगावं लागलं, या वेळी मोठ्याने.