दांडा वजा करून

केळीच्या चिकाचा वास आला की मला अंगणवाडीतला टांगता वजनकाटा आठवतो. मी तिथं सेविका होते. नातवाचं वजन कमी भरलं तर गल्लीत नाचक्की होईल, या धास्तीनं एका आजीनं बाळाच्या झबल्याखाली स्वतःचा चांदीचा कंबरपट्टा गुंडाळून त्याला काट्यात बसवलं. "छान भरलाय," मी म्हणाले. तेवढ्यात केळी लावणाऱ्या त्याच्या आजोबांनी चिकानं माखलेल्या हातानं झबलं वर केलं. "घडाचा दांडा वजा कर व माय. व्यापारी दांड्याचं वजन कापल्याबिगर आम्हाले सोडतो का?" पट्टा उतरला, वाढीच्या तक्त्यावरचा ठिपका कमी वजनाच्या लाल भागात गेला आणि बाळाला दुप्पट सुकडी सुरू झाली. परवा दवाखान्यात काट्यावर चढताना मी बांगड्या, चपला, चष्मासुद्धा काढला. आकडा तरी खाली आला नाही. दांडा नव्हताच, सगळा घडच निघाला.