साडूंची चहापावडर आणि सुमनबाईंचे पाहुणे

चूक माझीच. ‘पुण्याचे पाहुणे येणार आहेत, मुलीला घेऊन चहाला या,’ असं मी शेजारच्या सुमनबाईंना सांगून आलो. आमच्या जिंतुरात या वाक्याचा अर्थ एकच होतो, हे डोक्यातच आलं नाही. पाहुणे म्हणजे आमचे साडू आणि चहा म्हणजे त्यांच्या कंपनीची नवी चहापावडर. ती पावडर लोकांना कशी वाटते हे काढून घ्यायला चार बायकांना बोलतं करायचं होतं, त्यात एक बिनलग्नाची हवी, एवढाच त्यांचा निरोप होता.

आमच्या साडूंना जगात निर्जीव असं काही दिसतच नाही. लोक एखादी वस्तू का घेतात हे लोकांना ठाऊक नसतं, ते मनाच्या तळघरात असतं आणि तळघराची किल्ली मानसशास्त्राकडे असते, हे ते पोहे खाताखाताही सांगतात. मागे एकदा आमच्या हिला विचारलं, ‘ताई, हेच मीठ का?’ ‘स्वस्त हाय.’ ‘स्वस्त का हवं?’ ‘पैसे उरतात.’ ‘उरलेले का हवेत?’ असं एकेक पायरी उतरत ते तळाशी पोचले, ‘म्हणजे तुम्हाला सुरक्षितता हवी आहे.’ ही म्हणाली, ‘दाजी, मला मीठ पाह्यजे. भाजी करायलेय मी.’

तर त्या दुपारी सुमनबाई ठेवणीतली साडी नेसून आल्या, मागे त्यांची रेखा आणि गल्लीतल्या आणखी दोघी. आधीचे पाहुणे ‘कळवतो’ म्हणून गेले ते गेलेच, त्यामुळे बाईंचा जीव टांगणीला लागलेला. साडूंनी पुडा मधोमध ठेवला. ‘समजा, हा माणूस आहे. कसा असेल?’

बाईंनी पुड्याकडे पाहिलंच नाही. ‘कमावता असावा. लय बोलका नसला तरी चालतंय.’

‘रागीट असेल का?’

‘ते तुमीच सांगा की पाव्हणं. तुमच्याकडचा हाय.’

साडूंना हे उत्तर फार खोल वाटलं, ते भराभर लिहू लागले. बाकीच्या बायका चहापावडरीची शेती किती, भाऊ किती, हे विचारायला लागल्या तेव्हा मी पार गोंधळलो. मला वाटलं, हेच ते तळघर.

मग साडू रेखाकडे वळले. ‘आईचं सोड. तुला कसा हवा?’

सगळ्या रेखाकडे बघायला लागल्या. अशा बैठकीत मुलीला शिक्षण विचारतात, स्वयंपाक विचारतात. रेखाने पायाच्या अंगठ्याने जमिनीवर एक रेघ ओढली. मग म्हणाली, ‘मी हसले तर कशाला हसलीस, असं न इचारणारा.’

साडूंचं पेन थांबलं.

उठताना सुमनबाई म्हणाल्या, ‘मग पाव्हणं, कवा कळवताव?’ साडू म्हणाले, ‘रिपोर्ट महिनाभरात जाईल.’ ‘कसला रिपोर्ट?’ तेव्हा कुठे माझं डोकं चाललं. हात जोडून सगळं सांगितलं. सुमनबाई पदर सारखा करून पायऱ्या उतरल्या. रेखा मात्र दारात वळली. ‘लिहिलेलं ऱ्हाऊ द्या, काका.’

त्या दिवशी साडू जेवताना कशालाच ‘का’ म्हणाले नाहीत. ते गेल्यावर ही ताटं उचलता उचलता म्हणाली, ‘तुमी मला बघायला आला तवा माझी उंची इचारली व्हती.’

‘मग?’

‘मग काय. सांगितली.’