कुऱ्हाडीचं गिऱ्हाईक

पिंपरीच्या नव्या कारखान्यात लागल्यावर वर्षभरातच वडिलांच्या उजव्या हाताची चार बोटं यंत्रात गेली. तेव्हापासून घरची लाकडं आई फोडायची आणि वडील तो हात कोटाच्या खिशात घालून हिंडायचे.

जुनी कुऱ्हाड मोडली म्हणून आम्ही तिघं चिंचवडच्या लोखंडाच्या दुकानात गेलो. आईने कुऱ्हाड मागितली. दुकानदाराने ती वडिलांपुढे धरली.

"माझ्याकडं द्या. लाकडं मीच फोडते," आई म्हणाली.

दुकानदार मेला हसला. "बाईमाणसाला लोखंडातलं काय कळतंय? मालक, तुम्ही घ्या हातात, वजन बघा."

बोटं नाहीत एवढं सांगायचं होतं. पण परक्या पुरुषासमोर ते सांगायची वडिलांना लाज वाटली. त्यांनी तोच हात पुढे केला. कुऱ्हाड निसटून त्यांच्या पायावर पडली आणि वहाणेतून रक्त वाहू लागलं.

आईने ती उचलली आणि गल्ल्याच्या फळीवर टेकलेल्या दुकानदाराच्या पंजापासून वीतभर अंतरावर त्या फळीत घातली. पातं निम्मं आत रुतलं.

"लोखंड चांगलं हाय," ती म्हणाली.

तो पांढराफटक पडला होता. पण तेव्हाही तो मेला तिच्याशी बोलला नाही.

"मालक, बाईला आवरा!"

वडिलांनी आवरलं. भर दुकानात, डाव्या हाताने, तिचा ओठ फुटेपर्यंत. मी दाराशी उभी राहून सगळं बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुजलेल्या तोंडाने आईने त्याच कुऱ्हाडीने लाकडं फोडली आणि वडिलांच्या अंघोळीचं पाणी तापवलं.